नथवालीची ओटी

गौरी उठून चार दिवस झाले होते आणि शरणप्पाला जाऊन दोन महिने. लातूरच्या पेठेतल्या त्या घरात हल्ली दिवस असेच दोन्हीकडून मोजले जायचे. घरातला कर्ता मुलगा गेला म्हणून दार लावून बसावं म्हटलं, तर धंदा पडला कुंकवाचा आणि नवरात्र आलेलं तोंडावर. आता कुंकवाच्या घरानं रडायला म्हणून वेगळा महिना कुठून आणायचा, सांगा.

लक्ष्मम्मा मागच्या पडवीत तांब्याच्या घंगाळापाशी बसली होती. लिंबाच्या रसात हळदीचे तुकडे, वर टाकणखार आणि तुरटी, आणि ती कोपरापर्यंत हात बुडवून ते सगळं खालवर करत होती. सकाळी पिवळं असलेलं घंगाळ आता विटकरी झालं होतं. अजून तासाभरात लाल यायला हवं होतं. एकदा हात घातला की रंग चढेपर्यंत तो हात बदलायचा नाही, ही या घरची रीत. मध्येच दुसऱ्याचा हात लागला तर रंग फुटतो, असं सासू म्हणायची. खरं की खोटं, कुणी करून बघितलं नव्हतं. भरलेलं घंगाळ वाया घालवून कोण बघतं?

सासू म्हणजे पार्वतम्मा. ती पंचविशीत विधवा झाली तेव्हा दोन लहान पोरं पदरात होती, आणि तिनं हेच घंगाळ मांडलं होतं. कपाळाला नुसती विभूती लावणाऱ्या बाईनं कुंकू करून विकायचं, म्हणजे पेठेला बोलायला आयता विषय. गल्लीतल्या बाया पायरीपर्यंत यायच्या आणि हे रांडमुंड बाईच्या हातचं कपाळाला कसं लावायचं म्हणत परत फिरायच्या. थोरला शरणप्पा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्यानं डोकं चालवलं. सोलापूरच्या एका छापखान्यातून आपल्या नव्या नवरीचं, लक्ष्मम्माचं, रंगीत चित्र छापून आणलं. भरलं कपाळ, ठसठशीत कुंकू, नाकात मोत्यांची नथ. नथ लक्ष्मम्माकडं कधीच नव्हती, ती चित्रकारानं आपल्या पदरची घातली. रंगही दोन बोटं उजळ केला. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर गठ्ठे सोडून दाखवायला लागले, तेव्हा तिथल्या कारकुनानं एक चित्र मागून घेतलं, बायकोला न्यायला. शरणप्पा तिथंच समजला की हे चालणार. चित्र पुडीवर चिकटलं आणि पार्वतम्माचा हात पुडीच्या आत गेला. त्यानंतर कुणी विचारीना झालं.

त्यानं एकदा गंमतही केली होती. एकाच घंगाळातलं कुंकू निम्मं साध्या कागदात बांधलं, निम्मं चित्राच्या पुडीत, आणि चित्राची पुडी पैशानं महाग ठेवून दोन्ही औशाच्या बाजारात शेजारी शेजारी मांडली. महागाची दुपारपर्यंत संपली. पंधरा दिवसांनी त्याच बाया येऊन सांगत होत्या, नथवालीचं कुंकू घामानं ओघळत न्हाई बघा, ते साध्या कागदातलं मात्र पार नाकावर येतं. घरी येऊन हे सांगताना शरणप्पा हसता हसता थांबला आणि बायकोला म्हणाला, “बाया कुंकू घेतच न्हाईत. तुझं तोंड घेऊन जातात.” लक्ष्मम्माला तेव्हा लाज वाटली होती. पुढं सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. नांदेडपासून धर्माबादपर्यंत कधी न पाहिलेल्या बाया आपलं तोंड पदराच्या गाठीत बांधून घरी नेतात, हे काय थोडं झालं?

चौदा वर्षं हे चाललं. मागच्या दोन वर्षांत सासूचा खांदा धरला, म्हणून घंगाळही सुनेकडं आलं. तोंडही तिचं, हातही तिचा. आणि या आषाढात शरणप्पा नांदेडहून ताप घेऊन आला तो दहाव्या दिवशी गेला.

तिसऱ्या दिवशी पार्वतम्मा लक्ष्मम्माच्या खोलीत आली होती. आपल्या बोटांनी सुनेच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, “ऊठ. आपल्यात सुतक धरत न्हाईत. घंगाळ कोरडं पडलंय, तुझ्याबगर तिथं कोन बसंल?” त्या एका बोलावर लक्ष्मम्मा उठली. तिला मूलबाळ नव्हतं. माहेरी भाऊ होते, पण विचारणारे नव्हते. हात घंगाळात आहे तोवर या घरात आपण कुणीतरी आहोत, एवढंच ती रोज सकाळी मनाला सांगायची आणि लिंबं चिरायला घ्यायची.

श्रावणात मात्र नांदेडच्या माधवरावांकडून चार पेट्या परत आल्या. माधवराव म्हणजे या घरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, घाटाच्या वाटेवर त्यांचं पूजासामानाचं दुकान. सोबत चिठ्ठी होती. बायका पुडी हातात घेतात, चित्र बघतात आणि खाली ठेवतात. हिचंच पुसलं, मग हिचं मी कशाला लावू म्हणतात. माल उत्तम आहे, माझा इलाज नाही. धाकटा सिद्धलिंग ती चिठ्ठी वाचून हबकला. चित्र बदलू, नागम्माचं छापू, म्हणाला. नागम्मा त्याची बायको, दोन मुलींची आई. ती एरवी नवऱ्यापुढं ब्र काढायची नाही, पण तेव्हा साफ म्हणाली, “माझं नको. हजार बायांची नजर लागती. अक्काचं काय झालं बघितलं न्हाई का?” सिद्धलिंग चिडला आणि त्याच चार पेट्या गाडीत घालून धर्माबादकडं निघून गेला. आठवड्यानं परतला तो रिकाम्या पेट्या घेऊन. कसा विकला माल, असं आईनं विचारलं तर म्हणाला, विकला की. पुढं कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तोच सिद्धलिंग आत्ता पडवीत धावत आला. तोंडचं पाणी पळालेलं.

“वैनी, उठा. खोलीत जाऊन बसा.”

“हात घातलाय भावजी. रंग चढून राहिलाय. आत्ता कसं उठू?”

“मग दार लावून घेतो. नांदेडचे माधवराव आलेत मोटारीनं. आवाज करू नका. काही झालं तरी भाईर येऊ नका.”

दार लागलं. लक्ष्मम्माला वाटलं, सणाचा सौदा ठरायचा, तिथं विभूतीचं कपाळ समोर नको असेल. लागलं तिला, पण एवढं काही नवीन नव्हतं. ती ढवळत राहिली. पडवीचं दार माजघरात उघडायचं आणि माजघर नि बैठकीच्या मध्ये नुसत्या फळ्या होत्या. त्यात माधवरावांचा आवाज दुकानदाराचा, दहा माणसांच्या डोक्यावरून जाणारा.

“मला आधी कळवायचं तरी, सिद्धलिंगअप्पा. मी मूर्खासारख्या चार पेट्या परत धाडल्या. केवढं पाप झालं माझ्या हातून. पंधरा दिवसांपूर्वी धर्माबादचा आमचा व्याही आला, तेव्हा खरं काय ते कळलं. नवरा तापात पडलेला, आणि त्या माउलीनं देवाला सांगितलं, मला आधी ने. आठ दिवस आधी गेली. अहेव गेली. असं भाग्य लाखात एखादीचं.”

सिद्धलिंग काहीतरी हं म्हणाला.

लक्ष्मम्माला आधी कळेना. कुणाच्या तरी घरची गोष्ट असेल, असं वाटलं. कुणाच्या तरी नवऱ्याला ताप, कुणीतरी बाई गेली.

“आमच्याकडं बायका विचारत येऊन राहिल्यात,” माधवराव सांगत होते. “कुठं आहे ती नथवाली, कुठं आहे. जुनी पुडी ज्यांच्याकडं होती त्यांनी चित्र कापून देवघरात लावलंय. अहो, अहेव गेलेल्या बाईचं कुंकू, कुणाला नको आहे? दर नवरात्राला मी पाच पेट्या नेतो. आता चाळीस द्या.”

घंगाळातला हात थांबला. थांबून चालत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं तो पुन्हा फिरायला लावला. हात आपला फिरत होता. कानात मात्र नुसता घूं असा आवाज भरला होता आणि त्या आवाजातून माधवराव बोलतच होते.

“आणि एक काम आहे. आमच्या लेकीचं, विमलचं, लग्न दोनदा ठरून मोडलं. तिच्या आईनं, सरोजिनीनं बोलून ठेवलंय, नथवालीच्या समाधीवर ओटी भरीन म्हणून. तिला प्रवास होत नाही, तर मीच खण-नारळ घेऊन आलोय. तुमच्यात पुरतात ना? जागा दाखवा मला. पक्ष लागायच्या आत व्हायला पाहिजे.”

“दूध घ्या आधी,” सिद्धलिंग म्हणाला. “मामा नेतील तुम्हाला रुद्रभूमीवर.”

मामा म्हणजे विरूपाक्षमामा, पार्वतम्माचे थोरले भाऊ. सकाळ-संध्याकाळ बैठकीत पोथी घेऊन बसायचे.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि एकामागं एक सगळे पडवीत आले. पुढं पार्वतम्मा, मागं सिद्धलिंग, दाराशी नागम्मा. सासूचा चेहरा बघून लक्ष्मम्माला कळलं की तिनंही सगळं ऐकलंय.

“काय बोललास तू धर्माबादेत?” पार्वतम्मानं विचारलं.

“ठरवून न्हाई बोललो अव्वा.” सिद्धलिंगचा आवाज अगदी खाली गेला होता. “दुकानदार पुडी परत करून राहिला. म्हणतो, बाई विधवा हाय म्हणं. माझ्या तोंडून निघालं, न्हाई, बाई आधी गेली. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. त्यानं तीच पुडी उचलली अन् कपाळाला लावली. मी काय करू? दोन दिवसांत चारी पेट्या गेल्या. तेच कुंकू वैनी, तीच पुडी. तुमच्या हातचंच.”

लक्ष्मम्मानं वर बघितलं नाही. “समाधी कुठली दाखवणार त्यांना?”

“दादाच्या शेजारी एक जुना उंचवटा हाय. मामा नुसतं बोट करतील.”

“मामा खोटं बोलणार न्हाई.” विरूपाक्षमामा माजघरात येऊन उभे होते, पोथीत बोट घातलेलं तसंच.

“बोलू नका ना. नुसतं बोट करा.”

“बोटानं पण न्हाई, सिद्धलिंगा.” एवढं म्हणून ते पाहुण्याशेजारी जाऊन बसले.

सिद्धलिंग वहिनीसमोर उकिडवा बसला. तो काही वाईट नव्हता. लहानपणी तापात तिच्याच मांडीवर डोकं ठेवून पडलेला पोरगा तो. “वैनी, बारा बाया कुंकू कांडायला येतात आपल्याकडं. त्यांच्या चुली याच्यावर. माझ्या दोन पोरी हायत. चित्र काढून टाकलं तर नथवाली कुठं गेली म्हणून ह्या पुडीला कोन हात लावतंय? अन् ठिवलं तर हे असं. मला हौस हाय का? तुमचं तोंड पुडीवर ऱ्हाईल, जन्मभर ऱ्हाईल. तुम्ही फक्त भाईर दिसू नका. देवळात मागच्या दारानं जा. काय लागंल ते मी आणून देतो.”

“जन्मभर,” लक्ष्मम्मा म्हणाली.

तिनं सासूकडं बघितलं. आता ही बोलेल, हिच्या तोंडून काहीतरी खणखणीत निघेल, असं तिला मनापासून वाटत होतं. पार्वतम्मा भिंतीला टेकली होती आणि सुनेकडं न बघता घंगाळाकडं बघत होती.

“उगी ऱ्हा लक्ष्मम्मा,” ती म्हणाली. “नवरात्र होऊ दे. मी न्हाई का ऱ्हायले? बारा वर्षं तुझ्या तोंडामागं हात लपवून बसले. काय झालं मला?”

“तुम्हाला मेली कुणी म्हटलं नव्हतं, आत्या.”

पार्वतम्मा खाली बसली. सिद्धलिंग बोलला त्याचं लक्ष्मम्माला तेवढं वाटलं नव्हतं जेवढं हे लागलं. दिराचं तोंड सुटतं, तो धंद्याचा माणूस. पण जिनं हातानं विभूती लावून उठवलं, तीच आता पुन्हा झोपवून राहिली होती. तिला सासूचा राग आला आणि त्याच वेळी तिची कीवही आली, कारण बारा वर्षं म्हणताना पार्वतम्माचा आवाज फाटला होता.

नागम्मा दारातून म्हणाली, “पुढच्या नवरात्रात काय सांगणार? अक्का जित्या झाल्या म्हणणार?”

“तू गप.” सिद्धलिंग दबक्या आवाजात तिच्यावर उसळला. “तुझं चित्र दे म्हटलं तर नजर लागती म्हणालीस. दिलं असतंस तर ही वेळ आली असती का?”

नागम्माची मान खाली गेली. ती पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरत राहिली.

घंगाळ लाल झालं होतं. ते कधी झालं ते लक्ष्मम्माला कळलंच नव्हतं, आणि घंगाळ हातात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तिनं दोन्ही हात बाहेर काढले, निथळू दिले आणि उठली. कोपरापर्यंत लाल हात घेऊन ती दाराकडं निघाली तसा सिद्धलिंग आडवा झाला.

“वैनी, पाया पडतो.”

“सरका भावजी. हात ओले हायत, अंगाला लागतील.”

तो सरकला. पार्वतम्मानं तिच्या पदराकडं हात नेला होता, पण धरला नाही.

बैठकीत माधवराव चटईवर बसले होते. शेजारी दुधाचा पेला, त्यांनीच आणलेली अर्धापूरची केळी, आणि समोर ताटात हिरवा खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि वर एक कुंकवाची पुडी. पुडीवरून नथवाली छताकडं बघत होती. लक्ष्मम्मा दारात उभी राहिली. आपल्याला बघून हा माणूस दचकेल, उठून उभा राहील, असं तिला वाटलं होतं, आणि त्या दचकण्याची तिनं तयारी केली होती. माधवरावांनी वर बघितलं, तिच्या कपाळावरची विभूती बघितली, मोकळी मनगटं बघितली, आणि सौम्यपणे म्हणाले, “या बाई. तुम्ही घरातल्याच का?”

त्यांनी ओळखलं नव्हतं. चौदा वर्षं रोज सकाळी जिच्या तोंडासमोर दुकान उघडलं, ती बाई त्यांच्या पुढ्यात उभी होती आणि त्यांना ती कुणीतरी दूरची नात्यातली वाटत होती.

“हाव,” ती म्हणाली. “घरातलीच.”

“मग तुमचा त्यांचा सहवास असेल. मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, तुमच्याकडं बायका बैठकीत येत नाहीत. कशा होत्या हो?”

मी, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठावर येईना. ती चौकटीला टेकली. “बोलायच्या कमी,” ती म्हणाली. “घंगाळापाशी बसून असायच्या. नवऱ्यावर रुसल्या की उगीच जास्तीची लिंबं चिरायच्या.”

“आणि ती नथ? माहेरची का?”

“नथ नव्हतीच त्यांना. चित्र काढणाऱ्यानं काढली.”

माधवराव हसले, मग गंभीर झाले. विरूपाक्षमामा पोथीत तोंड घालून बसले होते.

“जाताना फार त्रास झाला का त्यांना?”

“झाला,” लक्ष्मम्मा म्हणाली. “अजून व्हायलाय.”

माधवरावांना ते नीट कळलं नाही. दुःखानं बाईचं बोलणं सरळ राहिलं नसेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते मोटारीच्या वेळेचं काहीतरी पुटपुटले आणि ताट उचलायला वाकले.

“द्या,” ती पुढं झाली. “ती ओटी मी घेते.”

त्यांनी ताट मागं घेतलं. झटकन नाही, माणूस गरम भांड्यापाशी आलेल्या लेकराला आवरतो तसं. “नको. राग मानू नका बाई. सवाष्णीची ओटी आहे, तुमचा हात… घरात कुणी सवाशीण असेल तर तिला बोलवा. सरोजिनीनं बजावून सांगितलंय.”

ते इतक्या भलेपणानं बोलले की तिला रागही धरता येईना. रागावर तरी उभं राहता आलं असतं. तिनं आपले लाल हात पदराआड घेतले.

मागून बांगड्या वाजल्या. नागम्मा डोक्यावर पदर घेऊन आली होती. तिनं माधवरावांपुढं हात केले आणि त्यांनी सुटल्यासारखं ताट तिच्या हातात दिलं. “हां, तुम्ही चला समाधीवर. मामा, उठता ना?”

मामा उठले नाहीत. नागम्मा वळली. दोन पावलं चालून ती जावेसमोर उभी राहिली.

“अक्का, पदर पसरा.”

“नागम्मा,” माजघरातून सिद्धलिंगचा आवाज आला. एकदाच आला. तिनं मागं बघितलं नाही.

विधवेची ओटी कुणी भरत नाही. तिच्या घरात नाही, माहेरी नाही, तिला माहीत असलेल्या कुठल्याच घरात नाही. तिची नजर आपसूक सासूकडं गेली. पार्वतम्मा भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती. तिनं एकदा नांदेडच्या पाहुण्याकडं बघितलं, एकदा आपल्या लेकाकडं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी ती पुसत नव्हती.

“पसर,” ती म्हणाली. “पसर लक्ष्मम्मा. मला आजपर्यंत कुणी म्हटलं न्हाई.”

लक्ष्मम्मानं पदर पसरला. खण पडला, नारळ पडला, सुपारी, हळकुंड. पाच मुठी तांदूळ नागम्मानं मोजून घातले. कुंकवाच्या पुडीपाशी तिचा हात थांबला. लक्ष्मम्मानं मान हलवली, ते नको. कपाळावरची विभूती तिच्या नवऱ्यासाठी होती आणि ती तिला तशीच हवी होती.

माधवराव कधी उठून उभे राहिले कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते ताटातल्या पुडीकडं बघत होते, मग तिच्या तोंडाकडं, मग पुन्हा पुडीकडं. त्यांना बराच वेळ लागला.

“तुम्ही… त्याच?”

“मी लक्ष्मम्मा. शरणप्पाची बायको. मेले न्हाई.”

“माधवराव, माझं ऐकून घ्या,” सिद्धलिंग पुढं आला.

माधवरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. खिशातून अर्धा बाहेर काढलेला मागणीचा कागद त्यांनी घडी करून परत आत ठेवला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं, असं सिद्धलिंगला तेव्हा वाटलं असणार. “माझं सोडा,” ते म्हणाले. “माल तोच आहे हे मला कळतं. आमच्या घरात हेच कुंकू आहे. पण दुकानातून पुडी मी नेत नाही ना, बायका नेतात. त्या हे चित्र घरात नेणार नाहीत आता. बाई गेलेली असती तर…”

आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि ते थांबले. बाहेर पेठेत पोती उतरवणाऱ्या हमालांचा गलका चालला होता. माधवरावांनी टोपी नीट केली, जोडे शोधले, एक घातला, आणि दुसरा पायात अर्धा असतानाच पुन्हा वळले. आता ते नांदेडचे बडे दुकानदार दिसत नव्हते. लेकीचं लग्न दोनदा मोडलेला बाप दिसत होते.

“आता घरी जाऊन सरोजिनीला काय सांगू मी?”

लक्ष्मम्मानं पदराची टोकं दोन्ही मुठींत धरली होती. नारळाचं वजन पोटाशी लागत होतं, आणि खणावर तिच्या ओल्या हाताचा लाल डाग पडला होता.

“सांगा, ओटी पोचली,” ती म्हणाली. “जिच्या नावाची होती तिनं आपल्या हातानं घेतली.”